सफरचंदाच्या बीला हवा हिवाळा!

दोस्तांनो, सफरचंद आडवं कापून पाहिलंय कधी? आपण नेहमी देठापासून खाली सुरी चालवतो आणि उभ्या फोडी करतो. पुढच्या वेळी आईला सांगा, ‘एक सफरचंद मला आडवं कापून दे.’ मधोमध पाच टोकांची सुरेख चांदणी दिसेल. चांदणीचं प्रत्येक टोक म्हणजे एक छोटीशी खोली आणि प्रत्येक खोलीत साधारण दोन-दोन बिया. म्हणजे एका सफरचंदात दहाएक बिया! कधी एखादी कमी, कधी एखादी पोचट.

या बियांचं आपण काय करतो? सरळ केराची टोपली! पण समजा टाकल्या नाहीत, लावल्या, तर? चिंचोका रुजतो, आंब्याची कोय रुजते, पपई तर उकिरड्यावरही उगवते. मग सफरचंदाची बी का नाही रुजणार?

रुजते, बरं का! पण तिची एक अट असते. आणि ती अट मोठी मजेशीर आहे. तिला आधी हिवाळा हवा असतो!

बर्फाळ मुलखातली माणसं ही अट पुरी करून घराच्या खिडकीत सफरचंदाची रोपं वाढवतात. चला, आज आपण अशाच एका मुलखात जाऊ आणि ती हे कसं करतात ते पाहू. या उद्योगातून कधी कधी केवढी मोठी गोष्ट जन्माला येते, तेही पाहू.

बाहेर बर्फ, घरात कुंडी

अमेरिकेच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेला लागून मिनेसोटा नावाचं राज्य आहे. ‘दहा हजार तळ्यांचा प्रदेश’ असं त्याला लाडानं म्हणतात. हिवाळ्यात ही तळी इतकी घट्ट गोठतात की, लोक बर्फावर चालत जातात, भोक पाडतात आणि त्यातून गळ टाकून मासे धरतात. कडाक्याच्या रात्री पारा शून्याखाली २५-३० अंशांपर्यंतही उतरतो. जमीन दगडासारखी टणक होते. डिसेंबरमध्ये मिनियापोलिस शहरातला सर्वांत लहान दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा असतो. आपल्या मुंबईत तो अकरा तासांचा असतो.

अशा ठिकाणी सफरचंदाची बी थेट अंगणात पेरता येत नाही का? येते. निसर्ग तेच करतो. शरद ऋतूत फळ गळून पडतं, कुजतं, बी मातीत जाते आणि वसंतात उगवते. पण त्या पाच-सहा महिन्यांत उंदीर आणि खारी टपलेल्या असतात. बर्फाखालच्या बिया शोधून त्या फस्त करतात. त्यांतून वाचलेली बी उगवली, तर एखाद्या उशिराच्या थंडीत कोवळा अंकुर करपतो. शिवाय तिथला उन्हाळा छोटा. उशिरा उगवलेल्या रोपाला अंग धरायला वेळच मिळत नाही.

म्हणून लोक बीला हिवाळाभर घरात सांभाळतात. बाहेर बर्फ वितळेपर्यंत कुंडीतलं रोप वीतभर उंच झालेलं असतं. शर्यतीत थोडं पुढून धावायला मिळावं, तसंच!

बीला कॅलेंडर कळतं?

आता त्या अटीकडे वळू. सफरचंदाची ताजी बी ओल्या मातीत घातली, ऊब दिली, पाणी दिलं, तरी बहुधा ती ढिम्म राहते. आठवडे जातात, बी हलत नाही. ती मेलेली नसते, झोपलेली असते. शास्त्रज्ञ याला ‘सुप्तावस्था’ म्हणतात.

ती अशी का वागते, हे समजायला तिच्या माहेरी जायला हवं. सफरचंदाचं माहेर मध्य आशियात आहे. कझाकस्तान आणि त्याच्या आसपास त्यान शान पर्वताच्या उतारांवर आजही रानटी सफरचंदाची जंगलं आहेत. कझाक भाषेत ‘अल्मा’ म्हणजे सफरचंद. तिथल्या मोठ्या शहराचं नावच अल्माटी आहे! त्या डोंगरांत फळं पिकतात शरद ऋतूत आणि त्यापाठोपाठ बर्फ पडतो. बी जर पडल्या पडल्या उगवली, तर कोवळा कोंब पंधरा दिवसांत गोठून मरेल. जी बी थांबली, तीच वाचली. हजारो पिढ्या असं होत होत बीनं एक नियमच करून घेतला : ‘आधी हिवाळा जाऊ दे, मग मी उठेन!’

पण हिवाळा गेला, हे बीला कळतं कसं? तिच्यात उगवण रोखून धरणारं एक रसायन असतं. त्याचं नाव ॲब्सिसिक ॲसिड. ते गाडीच्या ब्रेकसारखं काम करतं. ओलावा आणि थंडी दोन्ही एकत्र मिळाली की, या ब्रेकचा जोर हळूहळू कमी होतो आणि वाढीला चालना देणारी दुसरी रसायनं वरचढ होतात. हे एका रात्रीत होत नाही. साधारण दोन ते तीन महिने लागतात. एखाद्या दिवशी थंडी पडली आणि दुसऱ्या दिवशी ऊन आलं, तर बी फसत नाही. कशी हुशार आहे, पाहिलंत?

याच कारणानं आणखी एक गंमत घडते. शीतगृहात बरेच महिने ठेवलेलं सफरचंद कापल्यावर कधी कधी आतच मोड आलेली बी सापडते. तिला वाटलेलं असतं, हिवाळा संपला!

फ्रीजमधला हिवाळा

मग घरात हिवाळा आणायचा कुठून? अगदी सोपं आहे. प्रत्येक स्वयंपाकघरात एक छोटा हिवाळा कपाटासारखा उभाच असतो. फ्रीज!

मिनेसोटातला असो नाहीतर मालेगावातला, घरच्या फ्रीजमध्ये साधारण चार अंश सेल्सिअस तापमान असतं. सफरचंदाच्या बीला नेमकं तेवढंच लागतं. मात्र बर्फाच्या कप्प्यात बी ठेवायची नाही. तिथं ती गोठते आणि काम पुढं सरकत नाही.

पद्धत अशी. चांगलं पिकलेलं सफरचंद घ्यायचं. आतल्या बिया गर्द तपकिरी आणि भरलेल्या हव्यात. पांढरट, चपट्या बिया बाजूला काढायच्या. गर काढून बिया स्वच्छ धुवायच्या, कारण गर राहिला तर बुरशी येते. मग कागदी रुमाल किंवा सुती फडकं ओलं करून घट्ट पिळायचं. ओलसर हवं, निथळणारं नको. त्यात बिया गुंडाळून झाकणाच्या डबीत ठेवायच्या. डबीवर तारीख लिहायला विसरायचं नाही. नाहीतर महिन्याभरानं कुणीतरी ‘हे काय कुजतंय इथं?’ म्हणून फेकून देतं!

आठवड्यातून एकदा डबी उघडून पाहायची. बुरशी दिसली तर बिया धुऊन फडकं बदलायचं. सुकलं असेल तर चार थेंब पाणी. असे दहा-बारा आठवडे गेले की, एक दिवस बीच्या टोकदार बाजूनं पांढरं मूळ डोकावतं. सगळ्या बिया एकदम उठत नाहीत. आपल्याकडे सकाळी शाळेसाठी उठताना जसं होतं, तसंच. एक लगेच उठते, दुसरी कूस बदलते, तिसरी उठतच नाही!

एक सूचना मात्र सगळ्यांसाठी. सफरचंदाच्या बिया चावून खाऊ नका. त्यांत अमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं आणि बी चावली की त्यातून थोडं विष तयार होतं. चुकून एखादी अख्खी बी गिळली गेली तर घाबरायचं कारण नाही. पण मूठभर बिया चघळणं हा खेळ नव्हे.

खिडकीतलं बाळ

मूळ बोटाच्या अर्ध्या पेराएवढं झालं की, बी कुंडीत लावायची. कुंडीच्या बुडाला भोक हवंच. पाणी साचलं की मुळं कुजतात. मातीत थोडी वाळू आणि चांगलं कुजलेलं खत मिसळायचं. बी एक-दीड सेंटिमीटर खोल, मूळ खालच्या बाजूला ठेवून अलगद लावायची. आठवड्या-दोन आठवड्यांत माती फोडून दोन जाडसर, गुळगुळीत पानं वर येतात. ही बीजपत्रं. त्यांत बाळासाठी बांधून दिलेली शिदोरी असते. त्यानंतर कातरलेल्या कडांची खरी पानं येतात आणि रोप ‘मी सफरचंद आहे’ असं सांगायला लागतं.

थंड प्रदेशातल्या घरात या बाळाचे तीन शत्रू असतात. पहिला शत्रू अंधार. दिवस लहान, ऊन तिरपं. म्हणून कुंडी दक्षिणेच्या खिडकीत ठेवतात. तेवढ्यानं भागत नाही. मग रोपाच्या वर दिवा टांगून त्याचा ‘दिवस’ चौदा-पंधरा तासांचा करतात. उजेड कमी पडला तर रोप लांबच लांब, बारीक आणि फिकट होतं आणि काचेकडे वाकतं. म्हणून कुंडी दर दोन-तीन दिवसांनी फिरवायची.

दुसरा शत्रू कोरडी हवा. घर उबदार ठेवायला हीटर चालू असतात आणि त्यानं हवा पापडासारखी कोरडी होते. अशा हवेत पानांच्या मागं कोळ्याच्या जातीची अगदी बारीक कीड वाढते. पानं अधूनमधून धुतली की ती आटोक्यात राहते.

तिसरा शत्रू कुठला असेल? अति लाड! रोज पाणी, रोज खत, वाऱ्याचा स्पर्श नाही. अशा रोपाचं खोड काडीसारखं राहतं. बाहेरच्या झाडाला वारा रोज हलवतो आणि त्या हलण्यामुळेच खोड जाड होतं. म्हणून जाणकार लोक रोपावरून दिवसातून एक-दोनदा हळूच हात फिरवतात किंवा लांबून पंख्याचा झोत देतात. आईबाबांनो, हा मुद्दा फक्त रोपांनाच लागू आहे, असं नाही हं!

घर सोडायची वेळ

आता तुम्ही म्हणाल, ‘एवढं छान वाढलंय, तर राहू दे की खिडकीतच!’ इथंच खरी गोम आहे. सफरचंदाचं झाड घरात जन्माला येऊ शकतं, पण घरात आयुष्य काढू शकत नाही.

बीला जसा हिवाळा लागतो, तसा झाडालाही दर वर्षी लागतो. पानं गाळून झोपायचं, थंडीचे तास मोजायचे आणि मग वसंतात फुलायचं, ही त्याची रीत. सफरचंदाच्या बहुतेक जातींना फुलण्यासाठी हिवाळ्यात सुमारे ८०० ते १२०० तास थंडी लागते. ही थंडी साधारण शून्य ते सात अंशांची. उबदार खोलीत झाडाला ही झोप मिळत नाही. ते थकतं, खुरटतं. झोपू न दिलेल्या मुलासारखी त्याची गत होते.

म्हणून मे महिन्याच्या शेवटी, थंडीचा धोका टळल्यावर, मिनेसोटात रोप बाहेर नेतात. पण एकदम नाही! पहिल्या दिवशी तासभर सावलीत. दुसऱ्या दिवशी दोन तास. मग थोडं ऊन, थोडा वारा. आठ-दहा दिवस अशी सवय करतात, मगच जमिनीत लावतात. भोवती बारीक जाळी उभारतात. कारण पुढच्या हिवाळ्यात ससे आणि उंदीर खाण्यासाठी काही सापडेना की, कोवळ्या खोडाची साल कुरतडतात. साल चहूबाजूंनी गेली की झाड गेलं.

आणि मग? मग वाट पाहायची. बीपासून वाढलेल्या झाडाला पहिलं फळ यायला साधारण सहा ते दहा वर्षं लागतात. चौथीत लावलेल्या बीची सफरचंदं कॉलेजात गेल्यावर खायची!

रायवळ आणि हापूस

बरं, दहा वर्षांनी जे फळ येईल, ते आपण खाल्लेल्या सफरचंदासारखंच असेल ना? नाही! हे सफरचंदाच्या बीचं दुसरं गुपित.

आपल्याकडे आजोबा सांगतात, ‘हापूसची कोय लावलीस म्हणून हापूस येत नाही, रायवळ येतो.’ हापूस हवा असेल तर कलमच लावावं लागतं. सफरचंदाचंही अगदी तसंच आहे.

सफरचंदाच्या फुलाला बहुधा आपल्याच जातीचे पराग चालत नाहीत. दुसऱ्या जातीच्या झाडावरून मधमाशी पराग आणते, तेव्हा फळ धरतं. आपण खातो तो गर आईच्या झाडाचा, पण आतल्या बीत आई आणि बाबा दोघांचे गुण मिसळलेले असतात. मधमाशी किती झाडांवरून फिरून आली, कुणास ठाऊक! एकाच फळातल्या दहा बियांचे बाबाही वेगवेगळे असू शकतात. त्यात सफरचंदाच्या पेशीत गुणसूत्रांच्या १७ जोड्या. पत्त्यांचा कॅट पिसावा, तसे गुण पिसले जातात आणि प्रत्येक बीच्या हाती नवाच डाव येतो.

म्हणून दहा बियांची दहा झाडं दहा तऱ्हेची होतात. बहुतेकांची फळं लहान, आंबट नाहीतर तुरट असतात. बाजारातली एकसारखी सफरचंदं येतात ती कलमांवर. आवडत्या झाडाची काडी कापायची, दुसऱ्या रोपाच्या खुंटावर बांधायची आणि त्या झाडाची हुबेहूब नक्कल करायची.

पण थांबा. ज्या झाडाची पहिली काडी कापली, ते पहिलं झाड आलं कुठून? तेही एका बीपासूनच! आणि ती बी कुणीतरी लावली होती, सांभाळली होती किंवा निदान उपटून टाकली नव्हती.

मेरी ॲनची कुंडी

इंग्लंडमध्ये साउथवेल नावाचं गाव आहे. १८०९ साली तिथल्या मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीनं सफरचंदाच्या काही बिया लावल्या. तिनं त्या कुंडीत लावल्या होत्या, असं सांगतात. त्यातलं एक रोप बागेत वाढलं. पुढं ती ते घर सोडून गेली. १८४६ मध्ये ते घर ब्रॅम्ली नावाच्या खाटकानं विकत घेतलं. १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर नावाच्या सतरा वर्षांच्या तरुण माळ्यानं त्या झाडाच्या काड्या मागितल्या. ब्रॅम्ली म्हणाला, काड्या ने, पण सफरचंदाला नाव माझं द्यायचं!

तेच ‘ब्रॅम्ली’ सफरचंद शिजवण्यासाठी म्हणून पुढं सबंध ब्रिटनमध्ये लाडकं झालं. मूळ झाड तर एकदा वादळात आडवं झालं, पडल्या जागीच पुन्हा रुजलं आणि दोनशे वर्षांहूनही अधिक जगलं. मेरी ॲन मात्र १८५२ सालीच वारली. आपण लावलेल्या बीचं काय झालं, हे तिला कधी कळलंच नाही.

आठ डॉलर आणि एक कोट

आता पुन्हा मिनेसोटात येऊ. १८५३ साली पीटर गिडिअन नावाचा माणूस तिथल्या मिनेटोंका तळ्याकाठी राहायला आला. त्यानं सफरचंदाची झाडं लावली, ढिगानं बिया पेरल्या. पण तिथल्या हिवाळ्यानं एकेक करत सगळी बाग मारली. नऊ-दहा वर्षांनी जवळपास काहीच शिल्लक उरलं नाही. लोक म्हणायचे, या थंडीत सफरचंद होणं शक्यच नाही.

गिडिअनच्या खिशात उरले होते आठ डॉलर. हिवाळा तोंडावर होता आणि अंगावर धड कोट नव्हता. त्यानं काय केलं असेल? ते आठ डॉलर दूरच्या मेन राज्यात पाठवून सफरचंदाच्या बिया आणि काड्या मागवल्या! आणि जुने कपडे जोडून स्वतःच कसाबसा कोट शिवला.

त्या बियांपैकी एका बीचं झाड थंडीला पुरून उरलं. १८६८ च्या सुमारास त्याची लाल, रसाळ फळं लोकांसमोर आली. गिडिअननं त्या जातीला आपल्या बायकोचं नाव दिलं : ‘वेल्दी’. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ होतो श्रीमंत. कोटाला महाग झालेल्या माणसाचं सफरचंद, आणि नाव श्रीमंत!

फेकायच्या यादीतलं झाड

त्याच राज्यात पुढं मिनेसोटा विद्यापीठानं थंडीत टिकणाऱ्या सफरचंदांचा ध्यास घेतला. दोन जातींचा संकर करायचा, बिया पेरायच्या, हजारो रोपं वाढवायची आणि त्यांतली बहुतेक काढून टाकायची, असं हे काम. १९६० साली केलेल्या एका संकरातून असंच एक झाड आलं. हिवाळ्यात त्याला इजा झाली, म्हणून १९७७ मध्ये त्याच्या नावापुढं शेरा पडला, ‘काढून टाका.’

नंतर डेव्हिड बेडफर्ड नावाचे शास्त्रज्ञ तिथं कामाला आले. त्यांनी ती नोंद वाचली, उरलेली रोपं पाहिली आणि ठरवलं, याला आणखी एक संधी देऊ या. काही वर्षांनी फळं आली. चावताच करकरीत आवाज करणारी आणि तोंडभर रस सोडणारी! १९९१ साली ती जात ‘हनीक्रिस्प’ या नावानं बाजारात आली आणि अमेरिकाभर गाजली.

गंमत पुढंच आहे. बेपोर्ट गावातल्या चौथीच्या मुलांनी मागणी केली की, हेच आमच्या राज्याचं फळ ठरवा. मोठ्यांना ती पटली आणि २००६ साली तसा कायदा झाला. चौथीची मुलं, बरं का!

आपल्या देशातली एक बी

हे सगळं परदेशातलं, असं वाटतंय ना? मग हिमाचल प्रदेशात या. तिथल्या कोटगढ भागात सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास अमेरिकेतून आणलेली सफरचंदाची कलमं लावली आणि डोंगर सफरचंदांनी भरून गेले. पण ते थंड, उंच डोंगर. खालच्या गरम भागात सफरचंद होत नाही, असंच सगळे मानत.

बिलासपूर जिल्ह्यातलं पनियाला गाव अशाच खालच्या भागात, जेमतेम १८०० फूट उंचीवर. तिथले शेतकरी हरिमन शर्मा यांच्या घरी १९९८ मध्ये सफरचंदं आणली होती. खाऊन झाल्यावर बिया अंगणात टाकल्या. मध्ये हिवाळा गेला. १९९९ मध्ये त्यांना तिथं एक रोप दिसलं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, ‘इथं कुठं येतंय सफरचंद!’ आणि उपटून टाकलं असतं. शर्मांनी ते जपलं. दोनच वर्षांत, २००१ मध्ये, त्याला फळं लागली! मग त्यांनी त्याची कलमं बांधली. कमी थंडीत फळ देणारी ही जात ‘एचआरएमएन-९९’ म्हणून ओळखली जाते. तिची झाडं देशातल्या अनेक राज्यांत गेली, आपल्या महाराष्ट्रातही आली. हरिमन शर्मा यांना २०२५ साली ‘पद्मश्री’ मिळाली.

मेरी ॲन, गिडिअन, बेडफर्ड, शर्मा. चौघांचं सारखं काय? दुसऱ्यांनी केरात टाकलं असतं, ते त्यांनी लावलं किंवा ठेवलं.

करून पाहा

आता तुमची पाळी! बारा बिया जमवा. सहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून डबीत घाला आणि डबी फ्रीजमध्ये ठेवा. सहा तशाच गुंडाळून दुसऱ्या डबीत घाला, पण ती कपाटात ठेवा. दोन्ही डब्यांवर तारीख घाला. दर रविवारी उघडून पाहा आणि वहीत लिहा : किती बियांना मोड आले? कधी आले? कुठल्या डबीत आधी? बारा आठवड्यांनी तुमची वही तुम्हाला उत्तर देईल.

मोड आलेल्या बिया कुंडीत लावा. रोप हाती येईल. मात्र आधीच सांगून ठेवतो, पुण्या-मुंबईच्या हवेत त्याला हवी तशी थंडीची झोप मिळणार नाही. त्यामुळं फळ येईलच असं नाही. कडक उन्हात त्याला दुपारची सावली द्या. कुणी मामा-काका थंड डोंगराळ भागात राहत असतील तर एक रोप त्यांच्याकडे पाठवून द्या.

आणि समजा, फळ आलं, पण आंबट निघालं? तरी झाड वाया जात नाही. फुलांवर मधमाश्या येतात, फळांवर पाखरं येतात, आंबट सफरचंदाचा मुरंबाही छान होतो. फारच वाटलं तर त्याच खुंटावर गोड जातीची काडी बांधता येते.

फळ गोड निघालं तर? मग त्या जातीचं झाड जगात दुसरं कुठंच नसेल. फक्त तुमच्याकडे! नाव काय ठेवायचं, ते आत्तापासूनच ठरवून ठेवा.